निळी गाठ

“हा नको,” कात्री म्हणाला. “आज पट्टा मी निवडतो.”

कारखानदाराचा हात तसाच पुढे राहिला. हातात सुरक्षापट्टा होता, उंच इमारतींना रंग देणारी, काचा पुसणारी माणसं अंगात घालतात तो. कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोने चमकून वर पाहिलं, पण तिचे पाय मशीन चालवतच राहिले.

कात्री म्हणजे मोठ्या कंपनीचा खरेदीवाला. खरं नाव भलतंच भारदस्त होतं, पण शेडमधल्या बायकांनी त्याचं हे नाव कधीच पाडून टाकलं होतं. दर खेपेला यायचा, चहाचं कौतुक करायचा, घरच्यांची चौकशी करायचा आणि जाता जाता भाव कापून जायचा. आवाज कधी चढवायचा नाही मेला. “नाही परवडत तर राहू द्या, पलीकडचा द्यायला तयार आहे,” एवढंच हसत हसत म्हणायचा.

कापून कापून कापणार तरी कुठे? कापड तेच लागतं, कड्या त्याच लागतात. उरला दोरा. मागच्या वर्षी कारखानदाराने जाड नायलॉनचा दोरा बंद केला आणि दिसायला अगदी तसाच, पण निम्म्या दमाचा दोरा आणला. “अहो, माणसं लटकतात यावर,” बायको म्हणाली होती. “आणि या शेडमधल्या चुली कशावर पेटतात?” तो म्हणाला होता. ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग तीही त्याच दोऱ्याने शिवायला बसली.

पण बापाच्या वेळेपासूनची एक पद्धत होती. माल देताना कारखानदार स्वतः पट्टा घालायचा, माळ्यावर चढायचा, तुळईच्या आकड्याला दोर अडकवायचा आणि खाली उडी मारायचा. खाली नुसती फरशी. “आमचा माल आधी आमच्या अंगावर,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक खूश होऊन टाळ्या वाजवायचं. तेवढा एक पट्टा बायको जुन्या रिळातल्या नायलॉनने शिवायची. ओळखू यावा म्हणून आतल्या शिवणीत निळ्या दोऱ्याची बारीकशी गाठ मारायची. आपल्या नवऱ्याचा जीव त्या गाठीत आहे, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

कात्रीने तो पट्टा त्याच्या हातातून घेतला. उलटा करून पाहिला, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि आपल्या बॅगेवर ठेवून दिला. मग ढिगात हात घालून मधलाच एक उपसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हो रे राजा, आणतो म्हटलं ना संध्याकाळी. विसरेन कसा?” फोन खिशात टाकून तो हसला. “धाकटा भाऊ. घोड्याएवढा झाला, पण आईमागे मीच वाढवलाय. माझा सगळा जीव त्याच्यात. हं, चढा तुम्ही.”

कारखानदाराने पट्टा अंगात चढवला. बकल लावलं. बायकोने मशीन थांबवलं. सांगून टाकावं, तिला वाटलं. दोरा कच्चा आहे म्हणावं. ऑर्डर गेली खड्ड्यात, नवरा तर राहील.

“अहो...”

“थांबलीस कशाला?” तो खेकसला. “साहेबांचा माल राहिलाय अजून. चालव मशीन!”

तिने चालवलं. तिला स्वतःचीच किळस आली. तिकडे नवरा शिडी चढतोय आणि इकडे आपण शिवतोय, तेही त्याच दोऱ्याने! बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांनाही दोरा माहीत होता.

माळ्याच्या कडेला तो उभा राहिला. नेहमीचं वाक्य त्याने आज गाळलं. त्याने डोळे मिटले आणि उडी मारली.

दोर ताणला. खांद्यावरचे टाके तटातटा उसवत गेले आणि कडीपाशी येऊन थांबले. कारखानदार फरशीच्या जरा वर लोंबकळत होता, पांढराफटक, पण जिवंत. बायको धावत गेली. त्याला मिठीत धरून तिने खाली उतरवलं आणि उसवलेल्या खांद्यावर पटकन हात ठेवला. रडू आणि हसू तिला एकदमच आलं. वाचला बाई! नवराही वाचला आणि ऑर्डरही वाचली!

“शाब्बास!” कात्रीने टाळ्या वाजवल्या. “काढा हो हात, वहिनी. पाहिलंय मी. पण पडला नाही ना माणूस? मग झालं तर. पुढच्या खेपेपासून या दोऱ्याचाच भाव लावू. नायलॉनचा भाव आम्ही कशाला द्यायचा?”

कारखानदाराने मान वर केली. “साहेब... तुम्हाला ठाऊक होतं?”

“अहो, या दोऱ्याच्या पहिल्याच खेपेला कळलं. उभा जन्म खरेदीत गेला आमचा.” त्याने ढिगाकडे बोट दाखवलं. “हा सगळा माल गाडीत चढवा. माणसं उद्याच्या कामासाठी थांबलीत.”

मग बॅगेवरचा पट्टा उचलून त्याने तिच्यापुढे धरला.

“आणि वहिनी, हा निळ्या गाठीचा तेवढा वेगळा बांधून द्या. धाकटाही उद्यापासून उंचावर चढणार आहे.”