तिसरा माउंट

"तिसरा माउंटही हलला," एन्सिओ म्हणाला, आणि बंदूक बाकावर आपटायची म्हणून उचलून हळूच ठेवली. माउंट म्हणजे नेमाची दुर्बीण बंदुकीवर घट्ट बसवणारी पकड.

मैदानाच्या टोकाला फळीवर रंगवलेला मूस, उत्तरेकडचं ते घोड्याएवढं हरीण, निवांत उभा होता. त्याच्या छातीवरच्या वर्तुळात चारही गोळ्या बसल्या, की माणूस शिकारीच्या परीक्षेत पास. एन्सिओच्या गोळ्या मुसाच्या गुडघ्यांना लागल्या होत्या. एक गवतात गेली होती.

"गवत जागच्या जागी मेलं," शेकोटीवरचं सॉसेज उलटत उर्पो म्हणाला. "तेवढे तरी गुण द्या त्याला."

"थट्टा पुरे! दुर्बीण हलते म्हणून सांगतोय ना!"

एन्सिओ ओरडला. फिनलंडच्या त्या भागात इतक्या मोठ्याने माणूस एकदाच बोलतो, तेही घराला आग लागली तर. शेकोटीभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या कॉफीत पाहिलं.

आजचा परीक्षेचा दिवस शेवटचा होता आणि एन्सिओची संधीही. नापास झाला, तर दलदलीच्या कोपऱ्यावरचा त्याचा ठिय्या, जिथून मूस हमखास बाहेर पडतो, तो सुलोच्या जावयाला मिळणार होता. सुलो शिकारी टोळीचा म्होरक्या. जावई हेलसिंकीचा. तो जंगलात अत्तर लावून येतो, पण नेम चुकत नाही.

"घेताना नीट बघून घ्यावं माणसानं," सुलो म्हणाला. "पहिला माउंट हलका हवा म्हणून घेतलास."

"दुकानदार म्हणाला, वजन जाणवणार नाही."

"वजन नाही जाणवलं. दुर्बीण जाणवली."

एन्सिओचा हात भुवईवर गेला. तिथे चंद्रकोरीएवढा व्रण होता. त्या माउंटवर दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसली होती, आणि गेल्या हंगामात बार उडताच तिची कड थेट भुवईत घुसली. टाके पडले. मूस मात्र थांबून, वळून, बघून गेला.

"दुसरा तर खिट्टीचा," उर्पो म्हणाला. "खिट्टी ओढली की दुर्बीण सुटते. न ओढताही सुटते."

"म्हणून तर हा तिसरा आणला!" एन्सिओने बंदुकीवर थाप मारली. "अखंड पोलाद! एकाच ठोकळ्यातून कोरलेला! स्क्रूला गोंद घातलाय, मोजून ताण दिलाय. आणि तरी हलतो! याहून घट्ट काय आणू? दुर्बीण नळीला वितळवून चिकटवू?"

"बायकोला विचार," उर्पो म्हणाला. "आउने इतकी वर्षं चिकटून आहे. काहीतरी युक्ती असेल तिच्याकडे."

कोणी हसलं नाही, पण दोघांनी कॉफी जरा घाईने गिळली.

परीक्षक रायली इतका वेळ गुणांचा कागद भरत होती. ती उठून बाकाशी आली. दुर्बीण मुठीत धरून तिने जोर लावला. आधी इकडे, मग तिकडे. दुर्बीण हलली नाही. बाक हलला.

"बैस," ती म्हणाली. "काडतूस मी भरते. तुझे हात गारठलेत."

"हात ठीक आहेत माझे."

"असतील. बैस."

एन्सिओ बसला. त्याच्याकडे पाठ करून रायलीने काडतूस आत सरकवलं, बंदूक त्याच्या हाती दिली आणि मागे सरली. एन्सिओने गाल टेकवला, श्वास सोडला, घोडा दाबला.

बार उडाला नाही. नुसतं टक् झालं.

पण खांदा पुढे झेपावला, डोळे गच्च मिटले, आणि नळीचं तोंड थेट गवताकडे वाकलं. जो धक्का आलाच नाही, तो एन्सिओने सगळाच्या सगळा घेतला होता.

रायलीने खटका मागे ओढला. तिने मुद्दाम भरलेलं बिनदारूचं काडतूस बाकावर पडलं आणि घरंगळत कडेला जाऊन थांबलं.

सगळ्यांनी पाहिलं होतं. उर्पोच्या हातातलं सॉसेज एका बाजूने जळत होतं. त्याने ते उलटलं नाही.

सुलो उठला. गुडघ्यांवर हात ठेवून माउंटवर वाकला. स्क्रू केसभर जरी फिरला तरी कळावं म्हणून एन्सिओने कालच आउनेच्या लाल नेलपॉलिशची बारीक रेघ प्रत्येक स्क्रूवरून खालच्या पोलादावर ओढली होती. सगळ्या रेघा अखंड होत्या. सुलोने त्या चांगल्या निरखून पाहिल्या.

"सैल आहे," तो म्हणाला.

उर्पो आला, वाकला. "सैल म्हणजे काय, खुळखुळतोय. असला माउंट विकायला लाज कशी वाटत नाही लोकांना?"

दोघांनी रायलीकडे पाहिलं. आयुष्यात तिने परीक्षेच्या बाबतीत कुणाला सवलत दिलेली नव्हती. आताही दिली नाही. "नापास," ती म्हणाली. मग टोपी सारखी करत, दुसरीकडे बघत म्हणाली, "माउंटमुळे."

 एन्सिओने बंदूक पिशवीत घातली आणि चेन ओढली.

"पुढच्या वर्षीपर्यंत चांगला माउंट बघू," सुलो म्हणाला. "सगळे मिळून बघू. यंदा हाकाऱ्यांत येशील? तिथे बंदूक लागत नाही. नुसतं ओरडत जंगल तुडवायचं." तो जरा घुटमळला. "ओरडायला जमेल ना तुला?"

"मग सकाळपासून काय करतोय?" एन्सिओ म्हणाला.