तिसरं क्रियापद

“सून काय करते?” कुणी विचारलं, की शमिकाच्या सासूचं उत्तर ठरलेलं: “रांधते, मासळी सुकवते आणि डोक्यात परीक्षेचं खूळ.” रविवारी रत्नागिरीला बँकेची परीक्षा होती. अंगणात बांगड्यांना मीठ चोळता चोळता शमिका टोपलीला टेकवलेल्या मोबाईलवर इंग्रजी व्याकरणाचा सराव करत होती. ‘चूक शोधा: शी लाइक्स कुकिंग, क्लीनिंग अँड टू स्टडी.’ “काय गो पुटपुटतेस?” सासूनं विचारलं. “आई, वाक्यातल्या क्रियापदांची रूपं एकसारखी हवीत. इथे रांधणं, झाडणं जुळलंय, शिकणं तेवढं वेगळं पडलंय.” “शिकण्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?” सासू म्हणाली. तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून नवी शेजारीण डोकावली. “मावशी, सून काय करते तुमची?” सासूनं शमिकाच्या हातातला बांगडा काढून घेतला. “रांधते, सुकवते, शिकते.” शमिकानं ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. चूक कुठेच सापडली नाही.