पोपटी आणि विटकरी

सोनाबाई वाकळ शिवताना कधी आखणी करत नाहीत. चिंध्यांच्या बोचक्यात हात घालायचा, येईल तो तुकडा लावायचा आणि धावदोरा घालत सुटायचं. या वेळी मात्र सुनेने, अंकिताने, अट घातली.

"आत्या, ह्या वाकळंत दोनच रंग घ्या. पोपटी आणि विटकरी."

"आगं, आपल्या बोचक्यात पोपटी हाय कुटं?"

"ते मी बघते की. तुमी फक्त शिवा."

अंकिता तुकडे कापून देत गेली, सोनाबाई मनाला येईल तसे जोडत गेल्या. वाकळ अशी खुलली, की शेजारणी मुद्दाम अंगणात येऊन बघून गेल्या.

रविवारी घरातून अंकिताच्या नवऱ्याचा, युवराजचा, आवाज आला, "आये, माझा पोपटी टी-शर्ट कुटं गेला? आन् साखरपुड्याचा विटकरी शर्ट पण न्हाय!"

सोनाबाईंनी मांडीवरच्या वाकळेकडं पाहिलं, मग सुनेकडं. अंकिता मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती.

"भोकं पडलेला तो टी-शर्ट घालून सोलापुरात माझ्या भावाच्या लग्नाला आले होते, आत्या," ती हळूच म्हणाली.

सोनाबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अंकिता, फुडची वाकळ निळ्या पट्ट्यांची करू या का गं?"

निळ्या पट्ट्यांच्या चड्डीत बाजेवर बसलेले सासरे, हिंदुराव, उठले, घरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.