वायर काढल्यावर

“बेटी, गिटारची वायर काढून आयकजो, मंगच निवडजो,” देऊळगावात हातानं ॲम्प्लिफायर बनवणारे रहेमतुल्लाचाचा म्हणाले होते.

“बिनगिटारचं काय आयकू चाचा, बातम्या?” मी हसण्यावारी नेलं. नवऱ्याच्या, फैजानच्या वाजवण्यानं आमची महनूर जागी होऊ नये, म्हणून मी सगळ्यात कमी वॅटचा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर निवडला.

फैजान बीटी कपाशी फवारायला गेला, की वायर नसतानाही त्यातून फवारणी पंपाचा दांडा ऐकू येतो. खट, खट. शेत दोन कोसांवर आहे.

आज त्या आवाजासोबत एक तान्हं मूल खिदळतंय. महनूरसारखंच.

झोळी माझ्या मागे आहे. मघापर्यंत तिचा दोर करकरत होता.

माझ्यानं वळवत नाही. तुम्ही जरा बघता का, महनूर झोळीतच आहे ना?