एन्टर दाबला की झालं!

विद्यापीठाचे नेटवर्क प्रमुख घारपुरे साहेबांनी शेवटचा एन्टर दाबला. सेटिंगमधून बाहेर पडताना नव्या राउटरने काहीतरी विचारलं. त्यांनी न वाचताच 'येस' ठोकलं. "झालं! कंपनी कुठलीही असो, राउटर सगळे एकाच माळेचे मणी." जुन्या राउटरवर वीस वर्षं राज्य केलेला माणूस प्रशिक्षणाला थोडाच जाणार? तिकडे त्यांनी हाताखालच्या हिवाळेबाईंना धाडलं होतं.

महिनाभर विद्यापीठाचं इंटरनेट वाऱ्यासारखं पळालं. कुलसचिवांनी भर बैठकीत साहेबांची पाठ थोपटली.

"सर," हिवाळेबाई एकदा हळूच म्हणाल्या, "जुन्यावर एन्टर दाबला की बदल लागू व्हायचा. इथे शेवटी 'कमिट' द्यावं लागतं. तुमचे बदल अजून मसुद्यातच पडून आहेत. चालतंय ते राउटर बसवताना कंपनीच्या माणसाने केलेल्या सेटिंगवर."

साहेबांचं नाक लाल झालं. "मग देऊ की कमिट!" त्यांनी दिलं, आणि ग्रंथालयापासून कुलसचिवांच्या दालनापर्यंत सगळं ठप्प झालं. हिवाळेबाईंनी आधीची सेटिंग परत आणून पुन्हा कमिट दिलं, तेव्हा कुठे नेटवर्कमध्ये जीव आला.

तेवढ्यात कुलसचिवांचा फोन खणाणला. "काही नाही सर," घारपुरे म्हणाले, "हिवाळेबाईंचा हात लागला. मी निस्तरलं."

हिवाळेबाईंनी फक्त कुलसचिवांसाठी एक पान छापलं. नवा राउटर प्रत्येक कमिटपुढे देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवतो. महिन्याभराच्या यादीत साहेबांचं नाव एकदाच होतं: सव्वाअकरा, सगळं बंद पडलं त्या मिनिटाला.