हाफ सेल्फला चालू

"तापलेली गाडी बंद करू नका, ताई. मग तासभर ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

गाडी विकताना भिकनकाकांनी हे सांगितलं होतं. योगिनीने ते हसण्यावारी नेलं आणि पुढे विसरूनही गेली. कारण पाडव्यापासून तिचा धाकटा भाऊ रवी दर रविवारी हीच जुनी डिझेल गाडी घेऊन पेठला आईकडे जात होता, आणि त्याची कधी तक्रार नव्हती. गाडी घेतलीच मुळी त्यासाठी. आई तिथे एकटी, तिला शुगरचा त्रास. गोळ्या नाशकातून न्याव्या लागत. योगिनीचा आठ महिन्यांचा रुद्र घाटात ओकायचा, म्हणून तिचं जाणं राहून जायचं.

आज मात्र ती हिंमत करून त्याला घेऊन हरसूलला आली होती, मैत्रीण साधनाच्या मुलीच्या बारशाला. पोचल्यावर बाजारात थांबली, गाडी बंद केली, भाजी घेतली. परत किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता फिरत राहिला. इंजिन धरेना. मे महिन्याचं ऊन. रुद्रची मान ओल्या रुमालाने पुसत ती उघड्या बॉनेटकडे बघत उभी होती.

बाजारातल्या मेकॅनिकने डिझेलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं, वरून गार पाणी ओतलं आणि जरा थांबला.

"मारा आता."

गाडी लगेच चालू झाली.

"पंप झिजलाय. डिझेल तापलं का पातळ व्हतं, मग प्रेशर येत नाय. पंप बदलावा लागंल."

"आजच झालं का हे?"

"नाय हो. वरसाचं तरी दुखणं हाय. गावातल्या गावात फिरवली तर कळत नाय. घाट चढला का कळतं."

"आणि पेठला नेली तर?"

"पेठला नेऊन बंद केली, तर पाव्हण्यांकडं जेवूनच निघायचं." तो हसला.

योगिनी हसली नाही. तिने तिथूनच रवीला फोन लावला.

"रवी, पेठला गाडी कधी अडली का रे?"

"नाही गं ताई. परवाच जाऊन आलो ना. आईला गोळ्या दिल्या, डबा दिला, उभ्या उभ्या निघालो. हाफ सेल्फला चालू होते तुझी गाडी."

आवाज नेहमीचाच होता. जरासुद्धा अडखळला नाही. तिला त्याचीच भीती वाटली.

मग तिला आईसाठी दर रविवारी रवीबरोबर पाठवायचा तो डबा आठवला. संध्याकाळी रवी तो परत आणून द्यायचा, घासलेला, रिकामा. आईने आयुष्यात कुणाचा डबा रिकामा परत पाठवला नव्हता. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामा डबा मांडणीत ठेवताना योगिनीला वाटायचं, आई थकली आता.

तिने आईला फोन केला.

"आई, रविवारी रवी आला होता?"

"आला होता की."

"मी डब्यात काय पाठवलं होतं?"

"त्याला काही बोलू नको, योगिनी," आई म्हणाली. "ल्हान हाय आजून. आठवडाभर राबतो, एक रविवार मिळतो त्याला. दोस्तांत जातो, जाऊ दे."

"तुला माहीत होतं? आणि दर वेळी फोनवर मला सांगत होतीस, येऊन गेला म्हणून?"

"तुझं लेकरू तान्हं. तुला कशाला घोर लावू?"

"आई, गोळ्या?"

"हायेत ना. शिमग्याला आणून दिलेल्या त्यानं. रोज अर्धी मोडून घेते, पुरतात."

योगिनीने रुद्रला त्याच्या सीटमध्ये बांधलं. साधनाला फोन करून बारशाला येत नाही म्हणून सांगितलं आणि गाडी पेठच्या रस्त्याला लावली. इंजिन चालू होतं. ते बंद करायची तिची आता हिंमत नव्हती.

तुमचंही कुणी दुसऱ्या गावी एकटं राहत असेल, आणि त्यांच्याकडे दर आठवड्याला आपल्यातलं कुणीतरी जातं या भरवशावर तुम्ही असाल, तर "येऊन गेला की" एवढ्यावर फोन ठेवू नका. जा. गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या हातात घेऊन बघा.