जुनं समदं पुसू का?

शेठच्या माणसानं आदिनाथचा उजवा हात दाराच्या फटीत धरला होता. समोर लॅपटॉपवर आदिनाथनंच बनवलेलं टूल थांबलं होतं. एक कमांड दिली की ते नवी वेबसाइट उभी करायचं, पण आधी विचारायचं, "जुनं समदं पुसू का? पासवर्ड टाका." जुनं म्हणजे पवनेकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या बायकांची साइट. तिच्यामुळं गिऱ्हाईक शेठच्या बुकिंग एजन्सीला टाळून थेट बायकांकडं जायचं. "त्याच जागी माझी साइट मांड," शेठ म्हणाला. "न्हाई जमायचं, शेठ. त्या बायकांतल्या मुक्तामावशीची चूल त्या साइटवर पेटती." दार धाडकन आपटलं. बोटं चेचली, भिंतीवर रक्त उडालं, आदिनाथ गुरासारखा ओरडला. शेठनं लॅपटॉप पुढं सरकवला. "आता डाव्या हातानं टाक. तेवढा ठेवलाय तुला, कॉम्प्युटरवाल्या." धापा टाकत आदिनाथनं डावा हात उचलला, कीबोर्डवरून पुढं नेला आणि स्वतःहून दाराच्या फटीत ठेवला.